दैव, पुरुषकार आणि अंगावरचा तीळ

मेलॅनोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींतून उद्भवणारा कर्करोग, काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या आढळतो, हे वैद्यकाला नवे नाही. इंग्लंडमधील स्टोअरब्रिजचे वैद्य विल्यम नॉरिस यांनी १८२० मध्येच अशा एका रुग्णाचे वर्णन करताना त्याचे वडीलही तशाच व्याधीने गेल्याची नोंद केली होती. पुढे १९९४ मध्ये, पेशींच्या बेबंद विभाजनाला आवर घालणाऱ्या सीडीकेएन२ए या जनुकातील दोष अशा कित्येक कुटुंबांत सापडला आणि एक जुना प्रश्न नव्याने उभा राहिला: जे जन्माबरोबर आले ते भोगूनच संपायचे असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडून अंगावरचे तीळ वरचेवर तपासून घेण्याला अर्थ काय?

अशा जनुकदोषाला प्रारब्ध म्हणण्याचा मोह सहज होतो. परंतु वेदान्तातील प्रारब्ध म्हणजे संचित कर्मांपैकी ज्याचे फळ मिळू लागले आहे तो भाग, धनुष्यातून सुटलेला बाण. आणि हा दोष तसा सुटलेला बाण नव्हे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, असा दोष असलेल्यांना वयाच्या ऐंशीपर्यंत मेलॅनोमा होण्याचे प्रमाण युरोपात ५८ टक्के, तर ऑस्ट्रेलियात ९१ टक्के असल्याचा अंदाज निघाला. हा फरक एकट्या उन्हाने पडला असे म्हणता येणार नाही, कारण इतर जनुकांचाही त्यात वाटा असू शकतो. तरीही बीज तेच असताना पीक सर्वत्र सारखे येत नाही, एवढे त्यावरून दिसते.

या स्थितीला चरकसंहितेची भूमिका अधिक लागू पडते. तिच्या विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात आत्रेय अग्निवेशाला सांगतात की आयुष्य हे दैव, म्हणजे पूर्वदेहातील कर्म, आणि पुरुषकार, म्हणजे या देहातील प्रयत्न, यांच्या मेळावर अवलंबून असते आणि त्यांतील बलवान दुर्बलाला मागे सारते. सर्वांचे आयुष्य ठरलेलेच असते, तर माजलेला हत्ती चालून आल्यावर कोणी बाजूला झालेच नसते. अर्थात तपासणी हा मर्यादित पुरुषकार आहे. तिने रोग टळत नाही, तो लवकर सापडतो; मात्र गाठ त्वचेत किती मिलिमीटर खोल गेली आहे यावर रोग्याचे भवितव्य बरेचसे ठरत असल्याने हा ‘लवकर’ क्षुल्लक नव्हे. तिची किंमतही असते: निरोगी माणूस धास्तावतो आणि निरुपद्रवी तीळही कापले जातात. सर्वसामान्य, लक्षणरहित लोकांच्या सरसकट तपासणीसाठी पुरावा अपुरा असल्याचे मत अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०२३ मध्ये दिले. परंतु ज्यांच्या घरात हा रोग वारंवार झाला त्यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

एका बाबतीत मात्र कर्मविचाराची चौकट तोकडी पडते, कारण कर्म ज्याचे त्याचे असते, तर जनुक वाटले गेलेले असते: आई किंवा वडील यांपैकी एकात हा दोष असल्यास प्रत्येक अपत्याकडे तो येण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून एकाचे निदान ही त्याची एकट्याची खासगी बाब राहत नाही. जाणून न घेण्याचा अधिकार प्रत्येक भावंडाला आहे, पण तो त्याच्या वतीने दुसऱ्याने वापरणे अयोग्यच होय. आई किंवा वडील यांपैकी एकात हा दोष असल्यास प्रत्येक अपत्याकडे तो येण्याची शक्यता निम्मी असते.