काटकसर कोणाच्या पदरची?

काटकसर हा आपल्या घराघरांतून सद्गुण मानला जातो व तो तसा मानला जावा, याविषयी आमचा वाद नाही. परंतु वकिलीच्या व्यवसायात हिशेबाच्या वह्या चाळता चाळता एक प्रश्न विचारण्याची सवय आम्हांस जडली आहे : जमेस धरलेली ही रक्कम कोणाच्या खाती नावे पडली? हाच प्रश्न एकदा आम्ही स्वतःस विचारावयास हवा होता. तो विचारला नाही, त्याची ही हकीकत.

आमच्या परसात सातेरी माश्यांची एक लाकडी पेटी होती. वारुळाच्या रूपात पुजल्या जाणाऱ्या देवीचेच नाव या माशीलाही आहे, हे वाचकांस सांगावयास नकोच. वैशाखात पेटीच्या वरच्या मजल्यातील चौकटी मधाने भरल्या. देवळात अभिषेकास मध द्यावयाचा होता. मध काढण्याचे यंत्र म्हणजे पत्र्याचे पिंप, आत फिरता पिंजरा व वर हाताने फिरवावयाची मूठ. ते घ्यावे तर पैसे पडणार आणि ठेवावे तर घरात जागा नाही. तेव्हा आम्ही सारी पोळी सुरीने कापली, पातेल्यात कुस्करली व धुतलेल्या पंचातून गाळली. जागा वाचली, यंत्र वाचले, आणि आम्ही स्वतःवर प्रसन्न झालो.

आता नावेची बाजू पाहू. मेण माशीस आयते मिळत नाही. तरुण कामकरी माश्या मध खाऊन ते आपल्या पोटाखालच्या ग्रंथींतून स्रवतात. एक किलो मेणामागे सहा ते आठ किलो मध खर्ची पडतो, असा जाणत्यांचा अंदाज आहे. १८६५ साली ह्रुश्का या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याने जे यंत्र पुढे आणले, त्याचे मर्म हेच. चौकट गरगर फिरविली की मध बाहेर फेकला जातो, पोळे शाबूत राहते व पुन्हा पेटीत ठेवता येते. त्यापूर्वी १८५१ साली लँगस्ट्रॉथ या अमेरिकन धर्मोपदेशकाने ओळखले होते की, सुमारे तीन अष्टमांश इंच फट ठेवल्यास माश्या ती बुजवीत नाहीत. त्यावरून त्याने सहज काढता-घालता येणारी चौकट सिद्ध केली. जागेचा हिशेब त्यानेही केला, पण माशीच्या मापाने.

आषाढाची झड लागली. बाहेर फुलोरा नाही, आत साठा नाही, साठविण्यास पोळेही नाही. श्रावणात झाकण उघडले तो पेटी रिकामी. उपासमार झाली की सातेरी घर सोडून जाते. ती आमच्या सुरीमुळेच गेली, असे कोणी सिद्ध करू शकणार नाही, व संशयाचा फायदा आम्हांस मागता येईल. परंतु आरोपीनेच न्यायासनावर बसून तो स्वतःस देणे शोभत नाही.

सन ५३३ मधील जस्टिनियनच्या कायदेग्रंथात माशी स्वभावतः वन्य मानली आहे. जो तिला पेटीत घेईल, तो तिचा धनी. कायदा मालकी सांगतो, घेण्याची मर्यादा सांगत नाही. ती मर्यादा मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात सापडते. तेथे राजाने कर थोडाथोडा घ्यावा, यासाठी जळू, वासरू व भ्रमर यांचे दाखले दिले आहेत. भ्रमर घेतो आणि फूल राहते. आम्ही भ्रमराकडून घेतले, ते मात्र भ्रमराच्या रीतीने नव्हे.

यावर कोणी म्हणेल, ‘सामान्य माणसाने यंत्र आणावे कोठून?’ आक्षेप रास्त आहे. परंतु चार घरांत मिळून दोन चौकटींचे एक लहान यंत्र पुरते. ज्या पोळ्याचे तीनचतुर्थांश कप्पे मेणाने झाकले गेले, तेवढेच काढावे. एका वेळी दोनच चौकटी घ्याव्या, म्हणजे स्वयंपाकघराचा एक कोपराही पुरे होतो. दारे-खिडक्या लावून काम करावे, कारण मधाच्या वासाने परक्या माश्या लुटीस येतात. रिकामी पोळी त्याच संध्याकाळी परत ठेवावी. यंत्र मिळतच नसेल, तर एखादीच चौकट कापावी व बाकीच्यांस हात लावू नये. येथेही जागा वाचते, साधने वाचतात. फरक इतकाच की खर्च आपल्या पदरचा होतो : थोडा वेळ, थोडे श्रम, आणि शेजाऱ्याकडे मागावयास जाण्याचा थोडा कमीपणा. आम्ही वाचविला तो बहुधा हा कमीपणाच.

त्या मधाचा अभिषेक यथासांग झाला. देवाने तो स्वीकारला किंवा नाही, हे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु दान द्यावयाचे ते स्वतःच्या मालकीचे असावे लागते, एवढे तर आमचा कायदाही जाणतो. त्या पातेल्यात आमचे किती होते व माश्यांच्या पावसाळ्याचे किती, हा हिशेब आम्ही अद्याप मिटवू शकलेलो नाही.