नळाचा वायसर आणि रेडिओ

नळ गळायला लागला की आपण हार्डवेअरच्या दुकानातून वायसर आणतो. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी २००३च्या सुमारास असाच एक वायसर घेतला, त्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळली आणि ते वेटोळं रेडिओत बसवलं. हा रेडिओ नुसता ऐकायचा नव्हता. १४ मेगाहर्ट्झवर सहा वॅटच्या ताकदीने तो बोलायचाही, आणि वातावरणाने साथ दिली तर तेवढ्या ताकदीत दुसरा खंड गाठता येतो. या संचाचं नाव बिटएक्स.

वायसर का, हे समजून घ्यायला हवं. परदेशी पुस्तकांतल्या सर्किटांमध्ये त्या जागी टोरॉइड असे, म्हणजे लोहचूर्ण दाबून केलेलं छोटंसं कडं. अमेरिकेतला हौशी माणूस ते टपालाने मागवायचा. आपल्याकडे ते मिळणं मुश्कील. नायलॉनला चुंबकत्व नाही, त्यामुळे वायसरावर वेढे जास्त घ्यावे लागतात. पण वेढे फुकट असतात. फिल्टरसाठी फरहान यांनी संगणकात लागणारे १० मेगाहर्ट्झचे स्वस्त क्रिस्टल घेतले. मूठभर आणायचे आणि त्यातले एकमेकांशी जुळणारे निवडायचे, बाजारातून भेंडी निवडावी तसे. शेवटच्या टप्प्यात ताकद देणारा ट्रान्झिस्टर तर रेडिओसाठी बनवलेलाच नव्हता, तो बाजारात ढिगाने मिळायचा. आणि खरी गंमत अशी की ज्या वाटेने आवाज आत येतो त्याच वाटेने तो उलटा बाहेर जातो. त्यामुळे बरेच भाग वाचतात.

हौशी रेडिओवाल्यांना, म्हणजे हॅमवाल्यांना, सर्किट उघड करण्याचं अप्रूप कधीच नव्हतं. नवं काही जमलं की आकृती काढायची आणि मासिकाकडे पाठवायची, ही त्यांची शंभर वर्षांची रीत. आपल्याकडेही ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ १९६९पासून सर्किटं छापत आलं. कॉलेजात असताना अशाच एका मासिकातली यादी घेऊन मी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जायचो. काउंटरमागचा माणूस कानावरची पेन्सिल काढून यादीवर फटाफट काट मारायचा. ‘ये नहीं आता. ये भी नहीं. दूसरा कुछ लिखो.’ सर्किट माझ्यासमोर उघडं पडलेलं असायचं आणि मी रिकाम्या हाताने चर्नी रोड स्टेशनकडे चालू लागायचो. खुलेपणाची निम्मी गोष्ट दुकानात ठरते, हे तेव्हा कळायला हवं होतं. कळलं बिटएक्सचं सर्किट पाहिल्यावर. फरहान यांनी आधी बाजार पाहिला आणि मग आकृती काढली. माझ्या मते भारतातून या क्षेत्राला मिळालेली सगळ्यात मोलाची कल्पना हीच आहे, आणि तिचं म्हणावं तेवढं कौतुक झालेलं नाही.

बिटएक्सच्याच सुमारास इटलीतल्या इव्रेया गावात दुसराच विचार चालू होता. तिथली डिझाइनची संस्था बंद पडायच्या बेतात होती. तिथे मास्सिमो बांझी आणि सहकारी विद्यार्थ्यांसाठी एक साधं नियंत्रक-सर्किट बनवत होते, आणि संस्थेबरोबर तेही कुठल्या तरी कपाटात गडप होईल अशी त्यांना भीती वाटली. म्हणून २००५मध्ये त्यांनी ते जगासाठी मोकळं करून टाकलं. कुणीही बनवा, बदला, विका. नाव तेवढं आमचं. हे आर्डुइनो. हॅमवाले जे रीतीभातीने करत होते ते इथे परवान्याच्या भाषेत लिहिलं गेलं. किंमत साधारण बाहेर जाऊन पिझ्झा खाण्याइतकी असावी, असा त्यांचा हिशेब होता. तो हिशेब अर्थातच युरोपातला. आपल्याकडे तो चिनी नकलांनी जुळवून दिला.

पुढे हे दोन्ही प्रवाह एकत्र आले. बिटएक्स-४० या पुढच्या संचात लहर निवडण्याचं काम छोट्या आर्डुइनोकडे गेलं. साठ डॉलरच्या आत हा तयार बोर्ड जगभर टपालाने जाऊ लागला. त्याची वेटोळी हैदराबादेतल्या बायकांचा एक गट हाताने गुंडाळायचा. आणि त्यातली आज्ञावली कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी आपापल्या सोयीने पुन्हा लिहिली.

मग २०१४ साली ईएसपी-८२६६ ही चिनी चिप आली. टपालाच्या तिकिटाएवढा बोर्ड, कडेला नागमोडी पट्टीचा अँटेना, आणि आत चक्क वाय-फाय. किंमत पाच डॉलरच्या आसपास. माहितीपत्रक चिनी भाषेत होतं, ते हौशी लोकांनीच भाषांतर करून वाचलं. माझा पहिला बोर्ड मी दहा सेकंदांत जाळला. त्याला ३.३ व्होल्ट लागतात, मी ५ दिले. वास अजून आठवतो.

पण इथे एक गाठ आहे. बोर्डची आकृती मिळते, आज्ञावली आपण लिहितो; वाय-फायचं मूळ काम करणारा भाग मात्र कंपनीने बंद डबीत दिलेला आहे. लोरा या लांब पल्ल्याच्या रेडिओ-पद्धतीचंही तेच. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सिक्लिओ कंपनीची ही पद्धत २०१२मध्ये अमेरिकेच्या सेमटेकने विकत घेतली. लोराचा संदेश एका सुरावर उभा राहत नाही, मींड घेतल्यासारखा खालून वर सरकत जातो. कलकलाटात एकच सूर हरवतो, मींड कानाला लागते. म्हणून चिमूटभर विजेवर काही किलोमीटर जाता येतं. २०२०मध्ये सुरू झालेल्या मेशटॅस्टिकने त्यावर मोबाइलच्या टॉवरविना निरोप पाठवायची सोय केली; प्रत्येक यंत्र दुसऱ्याचा निरोप पुढे ढकलतं. आज्ञावली पूर्ण खुली, पण मींड सेमटेकच्या पेटंटची. बिटएक्सच्या वायसरात झाकलेलं काहीच नव्हतं. आता खुलेपणा वरच्या मजल्यावर राहायला गेला आहे आणि तळमजल्याला कुलूप आहे. मी तरी हे भाडं देतो, कारण पाच डॉलरमध्ये तळमजला मला बांधता येणार नाही. पण घर आपलं आहे असं म्हणायला जीभ रेटत नाही.

यात एक गोष्ट सहसा कुणी मोजत नाही, ती म्हणजे सरकारी राजपत्र. ऐंशीच्या दशकापर्यंत आपल्याकडे साधा रेडिओ ऐकायलाही पोस्टातून परवाना काढावा लागे. त्या पुस्तिकेवरची तिकिटं अनेकांना आठवत असतील. २००५मध्ये वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झ आणि आपल्याकडे लोरा ज्यावर चालतं तो ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हे पट्टे ठरावीक ताकदीपर्यंत विनापरवाना झाले. २०२१मध्ये दुसरा पट्टा ८६८पर्यंत वाढवला. चिप कितीही स्वस्त झाली असती, तरी हवा मोकळी नसती तर तिचा उपयोग काय?

ऑक्टोबर २०२५मध्ये क्वालकॉमने आर्डुइनो विकत घेत असल्याचं जाहीर केलं. पुढे काय होईल ते होवो. आधीच बाहेर पडलेली सर्किटं आता कपाटात जाणार नाहीत. बिटएक्सचं मूळ सर्किटही कुणालाही बघता येतं. वायसर कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळेल. बनवलात तर मायक्रोफोनचं बटण दाबण्याआधी हॅमची परीक्षा मात्र द्या. १४ मेगाहर्ट्झवर बोलायला आजही परवाना लागतो.