कॅमेरा कोठडीपर्यंत पोचत नाही

पंच फितूर झाला म्हणून आरोपी सुटला, ही बातमी आपण वर्षानुवर्षं वाचत आलो आहोत. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून पंच सांगतो, ‘सही माझीच आहे, पण पोलिसांनी ती ठाण्यात बोलावून घेतली, माझ्यासमोर काही जप्त झालं नाही.’ कधी तो दबावाखाली खोटं बोलत असतो, तर कधी अगदी खरं बोलत असतो. न्यायाधीशांपुढे मात्र पंचनाम्याचा कागद आणि पंचाचा शब्द यांपलीकडे काही नसायचं. सरकारी कर्मचाऱ्यांना पंच म्हणून बोलावण्याची पद्धत आली, तरी मूळ दुखणं हटलं नाही.

1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. तिच्यातलं 105 वं कलम या दुखण्यावरच बोट ठेवतं. झडती सुरू झाल्यापासून मुद्देमालाच्या यादीवर पंचांच्या सह्या होईपर्यंत सगळ्याचं दृक्‌श्राव्य चित्रण करायचं, शक्यतो मोबाइलवर, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. माझ्या मते संपूर्ण संहितेत रोजच्या पोलिसी कामाला सर्वांत खोलवर हात घालणारं कलम हेच. पंचनामा ठाण्यात बसून लिहायचा आणि सह्या मागाहून गोळा करायच्या, या सवयीला त्याने पहिल्यांदा खरा अडसर घातला.

पण हा मोबाइल कोणाचा, हे कलम सांगत नाही. चित्रण केलंच नाही तर जप्तीचं काय होणार, हेही सांगत नाही. तपासी अंमलदाराला एका हाताने कपाट उघडायचं असतं, दुसऱ्याने चित्रण करायचं असतं, घरातल्या माणसांवर नजर ठेवायची असते आणि पंचांना धरून ठेवायचं असतं. केंद्राच्या ‘ई-साक्ष्य’ अ‍ॅपमुळे चित्रणावर वेळ आणि ठिकाण यांची नोंद आपोआप होते, हे चांगलंच आहे; पण डोंगरातल्या वाडीत रेंज नसते, तिथे अडचण येऊ शकते. पुढे न्यायालयात हा पुरावा सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या 63 व्या कलमाचं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग, त्यातला एक तज्ज्ञाने भरायचा, आणि दोन्हींत फाइलचं हॅश मूल्य लिहायचं. गणपतीचा बंदोबस्त आटोपून रात्रपाळीला आलेल्या हवालदाराकडून आपण हे सगळं अपेक्षित धरतो. शिवाय 1 जुलै 2024 पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी दंडसंहिताच लागू असल्याने दोन्ही पुस्तकं टेबलावर ठेवावी लागतात. जिभेवरचं खुनाचं 302 जाऊन तिथे 103 यायला अजून बराच काळ लागेल.

न्यायवैद्यक पथकाचीही तीच गत होण्याची भीती वाटते. सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा केलेच पाहिजेत, असं 176 वं कलम म्हणतं. राज्यांना त्याच्या अंमलासाठी पाच वर्षांची मुदत आहे. ऐकताना डोळ्यांपुढे खून आणि दरोडे येतात. पण राहत्या घरातल्या चोरीलाही सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे गावातल्या घरातून मंगळसूत्र गेलं, तरी पथक यायला हवं. ते आलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं, कारण गरिबाच्या घरातल्या चोरीचा ठसा आजवर कोणी उचललाच नाही. मात्र गोळा केलेला प्रत्येक नमुना शेवटी कालिना, नागपूर, पुणे अशा मोजक्या प्रयोगशाळांच्या रांगेत जाऊन थांबतो. माणसं आणि प्रयोगशाळा वाढल्या नाहीत, तर या कलमातून उशिराचं नवं कारण तेवढं हाती लागेल.

फिर्यादीच्या बाजूने काही गोष्टी निःसंशय सुधारल्या. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असं म्हणून ठाणे अंमलदाराला आता कोणाला परत पाठवता येत नाही; झीरो एफआयआर कायद्यातच आला आहे. तक्रार ऑनलाइन देता येते, फक्त तीन दिवसांत येऊन सही करावी लागते. नव्वद दिवसांत तपासाची प्रगती फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. ही शेवटची तरतूद फारशी कोणाला माहीत नाही आणि ती प्रत्येक फिर्यादीने हक्काने मागावी. मात्र तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवस प्राथमिक चौकशी करण्याची मुभाही झीरो एफआयआरच्याच 173 व्या कलमात आहे. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर तो नोंदवलाच पाहिजे, असं ललिता कुमारी खटल्यात 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने बजावलं होतं. आता प्रभावशाली माणसाविरुद्धची फिर्याद याच चौदा दिवसांत मिटवली जाऊ शकते.

मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. अटकेनंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांपलीकडे पोलीस कोठडी देता येत नाही, असा 1992 च्या अनुपम कुलकर्णी निकालाचा दंडक होता. नव्या 187 व्या कलमाने दिवस पंधराच ठेवले, पण ते गुन्ह्यानुसार पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्याने घेता येतील अशी सोय केली. न्यायालयीन कोठडीत गेलेला आरोपी पुन्हा पोलिसांच्या ताब्यात येऊ शकतो, आणि ही टांगती तलवार जामिनाच्या प्रत्येक अर्जावर असते.

आता चित्रणाचं 105 वं आणि कोठडीचं 187 वं, ही दोन कलमं शेजारी ठेवून बघा. आरोपी म्हणतो, ‘कोयता मी ओढ्याकाठच्या झुडपात लपवलाय, चला दाखवतो.’ कोठडीतल्या आरोपीच्या जबाबातला नेमका एवढाच भाग, ज्यातून वस्तू सापडते, कायदा पुरावा म्हणून मानतो. झुडपातून कोयता काढताना आता स्वच्छ चित्रण होईल. पण आदल्या रात्री तो माणूस बोलायला का तयार झाला, हे कोणत्याच चित्रणात येणार नाही. साक्षीदाराचा जबाब चित्रित करणंही ऐच्छिकच ठेवलं आहे. ठाण्यांत आणि कोठड्यांत आवाजासह सीसीटीव्ही बसवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात 2020 साली दिला. कॅमेरे बंद असल्याच्या बातम्यांमुळे 2025 मध्ये त्याच न्यायालयाला स्वतःहून पुन्हा लक्ष घालावं लागलं. एवढी नवी संहिता लिहिताना तो आदेश तिच्यात आणणं मुळीच अवघड नव्हतं.

तो आणला नाही, म्हणून राज्याने हात बांधून बसायचं कारण नाही. पोलीस हा राज्याचा विषय आहे. आरोपीच्या निवेदनाचा पंचनामा सुरुवातीपासून चित्रित करायचा, ते चित्रण जप्तीच्या चित्रणासोबतच दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं, आणि कोठडीच्या प्रत्येक तुकड्यासाठी अर्ज करताना त्याआधीच्या ताब्यातलं सीसीटीव्ही चित्रण जोडायचं, एवढा आदेश गृहखातं स्वतःच्या अधिकारात काढू शकतं. असा आदेश निघाला, तर बळजबरीचा आरोप खोटा असेल तेव्हा त्यातून पहिल्यांदा सुटेल तो तपासी हवालदारच.