उंबरठ्याबाहेर उभे राहा

वाचन : अनुवाद २४:१०-११, रोमकरांस पत्र १:१४



मोशेच्या नियमशास्त्रात सावकारासाठी एक लहानशी आज्ञा आहे. शेजाऱ्यास कर्ज दिले असता गहाण घेण्यासाठी त्याच्या घरात शिरू नये; बाहेर उभे राहावे आणि तो जे आणून देईल ते घ्यावे. आपल्या खेड्यांतील वडील मंडळीस या आज्ञेचे मोल सांगावयास नको. सावकाराचा माणूस जोड्यांसह चुलीपर्यंत येई आणि घरधनी हात जोडून उभा असता तांब्यापितळेची भांडी उचलून नेई, हे त्यांनी आजोबा-पणजोबांच्या तोंडून ऐकले आहे. ज्याच्यापाशी शेत नाही, गुरे नाहीत, त्याच्यापाशीही एक उंबरठा असतो. ज्याचे खरोखर येणे आहे अशा मनुष्यासही परमेश्वराने तो ओलांडू दिला नाही.

आता आपल्या सेवेकडे पाहू. पौलाने इफिसकर वडिलांस, आपण चारचौघांत व घरोघरी शिकविले, याचे स्मरण दिले (प्रे. कृत्ये २०:२०). तीच रीत आपण चालवितो, व ती चांगली आहे. पण आपण दारी जातो ते कोणत्या नात्याने? रोमकरांस लिहिताना पौल आपणास सर्वांचा ऋणी म्हणवितो. धनकोने जर अंगणात थांबावे, तर देणेकऱ्याने कोठवर जावे? तरी काही आवेशी बंधू वसुलीस आल्याप्रमाणे वागतात. दार अर्धे उघडताच पाय आत. घरात एकटी सून आहे, आजारी म्हातारा आहे, याची तमा नाही. आज नको म्हटले तर उद्या पुन्हा हजर. (आमच्या मासिक अहवालात किती घरांस भेटी दिल्या हा रकाना असतो, किती दारांवरून शांतपणे परतलो, हा नसतो. दोष एकट्या उपदेशकाचा नव्हे.)

अमेरिकेतील ओहायो प्रांतात स्ट्रदर्स नावाचे गाव आहे. तेथील पुष्कळ मजूर रात्रपाळी करून दिवसा निजत. म्हणून गावाने नियम केला की, पत्रके वाटण्यासाठी कोणी घराची घंटा वाजवू नये. यहोवाचे साक्षीदार या पंथाची एक स्त्री धर्मसभेचे निमंत्रण दारोदार वाटीत गेली. तिला १० डॉलर दंड झाला. १९४३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो नियम रद्द केला. हे ऐकून आपणांस आनंद वाटेल. पण निकाल पुढेही वाचावा. सर्वांच्या वतीने दार लावून घेणे हे गावाचे काम नव्हे, ते ज्याच्या त्याच्या घरधन्याचे, असे न्यायालयाने म्हटले. आणि येऊ नका असे ज्याने कळविले आहे त्याच्या दारी जाणाऱ्यास दंड करण्याची मोकळीक गावास ठेवली. आपल्या राज्यघटनेचे २५ वे कलम धर्मप्रसाराचे स्वातंत्र्य देते. आणि त्याच घटनेच्या आधारे २०१७ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला.

स्ट्रदर्सचे मजूर आपणांस परके वाटू नयेत. पंपाची वीज रात्री येते तेव्हा आपला शेतकरी पहाटेपर्यंत पाण्याची दारे धरितो. सकाळी तो ओसरीवर डोळा लावून पडला असता कडी वाजवून त्यास विसाव्याचे अभिवचन सांगावे, हे कसे शोभेल?

अंगणात थांबून हाक द्यावी, आपले नाव व मंडळी सांगावी, येऊ का म्हणून विचारावे. नको म्हटले तर नमस्कार करून निघावे. फटीतून पत्रिकाही सरकवू नये. प्रभूने शिष्यांस पायांची धूळ झटकून निघण्यास सांगितले, दार ढकलण्यास नव्हे. ती झटकताना शेजारपाजारास ऐकू जाईल असा शाप उच्चारणे, ही तर आपली पदरची भर आहे.

कर्नेल्याची माणसे यापोस आली तेव्हा त्यांनी काय केले, तेही पाहा. शिमोन चांभाराच्या दाराशी उभे राहून त्यांनी हाक मारली व पेत्र येथेच उतरला आहे काय असे विचारिले. पेत्र वर गच्चीवर विचारात पडला होता. आत्म्याने सांगितल्यावरून तो आपण होऊन खाली आला, आणि त्यांस आत बोलावून त्याने त्यांचा पाहुणचार केला.