रेषेवरचे देश

फेब्रुवारी २०२५ मध्ये काही दिवस मुंबईचे नाव एका विचित्र यादीत होते. चिलीतल्या ॲटलास दुर्बिणीला २७ डिसेंबर २०२४ रोजी सापडलेला '२०२४ वायआर४' हा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ ला पृथ्वीवर आदळू शकतो, असे गणित सांगत होते. आदळलाच तर कुठे, याचा पट्टाही नकाशावर आखून झाला होता. पूर्व प्रशांत महासागर, दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र आणि मग आपण. बोगोटा, लागोस, मुंबई, कोलकाता, ढाका अशी शहरे त्या पट्ट्यात किंवा त्याच्या अगदी जवळ येत होती. १८ फेब्रुवारीला ही शक्यता ३.१ टक्क्यांवर गेली. या आकाराच्या लघुग्रहाबाबत एवढा मोठा आकडा पूर्वी कधी नोंदला गेला नव्हता. पुढच्या आठवडाभरात तो जवळजवळ शून्यावर आला.

आधी 'मुंबईवर संकट' आणि मग 'संकट टळले' अशा बातम्या झाल्या. टळले काहीच नव्हते, कारण तो दगड पहिल्यापासून त्याच्याच वाटेने चालला होता. बदलत होते ते आपले ज्ञान. आकडा आधी चढला आणि मग कोसळला, याचे कारण शेवटी उरेल तो विजेता अशी सोडत पाहिलेल्या माणसाला लगेच कळेल. एकेक नाव बाद होत जाते तसतशी उरलेल्या प्रत्येकाची शक्यता वाढते, आणि आपलेही नाव बाद झाले की ती एकदम शून्य होते. दरेक नव्या वेधाबरोबर लघुग्रहाच्या संभाव्य जागांचा पल्ला आखडत होता, आणि पृथ्वी त्या आखडत्या पल्ल्यात अजून होती. म्हणून टक्का वाढला. एके दिवशी पृथ्वी त्या पल्ल्याच्या बाहेर पडली. फरक एवढाच, की या सोडतीत नाव बाद व्हावे अशीच सगळ्यांची इच्छा असते.

टक्क्यांची गोष्ट इथेच सोडू. मला महत्त्वाचा वाटतो तो नकाशावरचा पट्टा.

भूकंप सांगून येत नाही. चक्रीवादळ फार तर काही दिवस आधी सांगते. लघुग्रह मात्र वेळेवर सापडला तर काही वर्षे आधी तारीख सांगतो, मिनिटापर्यंत वेळ सांगतो आणि जमिनीवरची रेषा काढून देतो. शिवाय पुरेसा अवधी असेल तर त्याला बाजूला सारता येते. निसर्गाच्या दुसऱ्या कोणत्याही आपत्तीबाबत माणसाला एवढे अधिकार मिळालेले नाहीत. म्हणूनच हा प्रश्न आता फक्त खगोलशास्त्राचा राहिलेला नाही. कोणी पाहायचे, कोणी ढकलायचे आणि कोणत्या दिशेने ढकलायचे, हे राजकारणाचे प्रश्न आहेत. माझे म्हणणे असे, की या राजकारणात रेषेवरच्या देशांना आज आवाज नाही, आणि तो मागण्याची तयारीही आपण केलेली नाही.

आधी धोका किती मोठा ते पाहू. लघुग्रह म्हटले की डायनासोर आठवतात. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी सुमारे दहा किलोमीटर आकाराचा दगड मेक्सिकोतल्या चिक्शुलूब इथे पडला. त्याच सुमारास आपल्याकडे दख्खनचा लाव्हा वाहत होता, आणि विनाशात वाटा कोणाचा किती, हा वाद भूशास्त्रज्ञांमध्ये अजून पूर्ण मिटलेला नाही. पण तसल्या अजस्र दगडांची काळजी आज फारशी करायला नको. एक किलोमीटरपेक्षा मोठे बहुतेक सगळे पृथ्वीनिकट लघुग्रह सापडले आहेत, आणि पुढच्या शंभर वर्षांत त्यांतला एकही आपल्यावर येत नाही.

काळजी मधल्या आकाराची आहे. त्याचा पुरावा बुलढाणा जिल्ह्यात जमिनीवर उघडा पडला आहे. लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे आणि ते दख्खनच्या बेसाल्टमध्ये कोरले गेले आहे. काठावर उभे राहिले की सभोवारच्या शेतांपेक्षा थोडी वर उचललेली कड दिसते. तिथून उतार तळाशी खाऱ्या पाण्यापर्यंत जातो, आणि पाण्याच्या काठी झाडीत कमळजा देवीचे देऊळ आहे. लवणासुराची कथा गावात सगळ्यांना पाठ आहे. हे ज्वालामुखीचे तोंड की आघाताची खूण, यावर दीर्घकाळ चर्चा झाली. १९७३ मध्ये इथल्या खडकात आघाताच्या प्रचंड दाबाने काच बनलेले खनिज सापडल्याचे प्रसिद्ध झाले आणि निकाल लागला. वयाचा अंदाज आधी ५० हजार वर्षांच्या आसपास होता. आर्गॉन पद्धतीने मोजल्यावर तो साडेपाच लाखांच्या पुढे गेला. एवढे विवर पाडणारा दगड स्वतः या विवराचा छोटासा अंश होता. त्याने डायनासोरांसारखा सर्वनाश केला नाही. आज तो एखाद्या जिल्ह्यावर पडला तर तो जिल्हा मात्र उरणार नाही.

वायआर४ सुमारे ६० मीटरचा आहे. तो आदळला असता तर सुमारे आठ मेगाटन, म्हणजे हिरोशिमाच्या पाचशे पट ऊर्जा मोकळी झाली असती. अशा दगडांचा शोध घेण्याचे बंधन कोणावरही नाही. अमेरिकेच्या काँग्रेसने २००५ मध्ये नासाला १४० मीटरच्या वरचे ९० टक्के लघुग्रह २०२० पर्यंत शोधायला सांगितले होते. मुदत उलटून गेली तरी अंदाजे २५ हजारांपैकी निम्मेही सापडलेले नव्हते. ६० मीटरचे तर त्या कायद्यात बसतच नाहीत. आणि सगळ्या पृथ्वीसाठीची ही मुदत एका देशाच्या संसदेने ठरवली होती, याचेही कोणाला काही वाटले नाही.

आता ढकलण्याकडे वळू. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचे डार्ट यान सेकंदाला सहा किलोमीटरहून अधिक वेगाने डिमॉर्फस या सुमारे १६० मीटरच्या चिमुकल्या चंद्रावर मुद्दाम आदळवण्यात आले. तो डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फेरी मारत असे. धडकेनंतर फेरी अर्ध्या तासाहून अधिक कमी झाली. ७३ सेकंदांचा फरक पडला तरी प्रयोग यशस्वी मानायचा, असे आधी ठरले होते. खर्च सुमारे साडेबत्तीस कोटी डॉलर. माणसाने आकाशस्थ पिंडाची कक्षा मोजण्याजोगी बदलण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि तिचे कौतुक व्हायलाच हवे.

पण तंत्र नेमके कसे चालते ते पाहा. लघुग्रहाला उचलून दूर फेकायचे नसते, त्याचा वेग किंचित कमी किंवा जास्त करायचा असतो. पृथ्वी आपल्या कक्षेत स्वतःच्या व्यासाएवढे अंतर साधारण सात मिनिटांत कापते. तेवढा वेळ दगडाला उशीर झाला किंवा तो तेवढा लवकर आला, की गाठ चुकते. बरीच वर्षे आधी बारीकसा धक्का दिला तर पुरतो. मात्र धक्का कमी पडला आणि सातऐवजी दोनच मिनिटांचा फरक झाला, तर दगड पृथ्वीवर पडतोच, फक्त जागा बदलते. ही जागा त्या नकाशावरच्या पट्ट्यातूनच सरकते. वेग वाढवला तर एका टोकाकडे, कमी केला तर दुसऱ्या. म्हणजे नायजेरियावर येणारा दगड अर्धवट यशाने अरबी समुद्रात नेता येईल, किंवा समुद्रात पडणारा दगड एखाद्या शहरावर. कोणत्या बाजूला ढकलायचे हा निर्णय घेताना कोणाच्या डोक्यावरून रेषा न्यायची, हेही त्यातच ठरते.

ही भीती कोणा लेखकाच्या कल्पनेतली नाही. ग्रह-संरक्षणाचे तज्ज्ञ दर दोन वर्षांनी परिषद भरवतात आणि तिच्यात काल्पनिक लघुग्रह घेऊन सराव करतात. २०१५ मध्ये इटलीतल्या फ्रास्काटी इथे झालेल्या सरावात संभाव्य पट्टा आग्नेय आशियापासून भारत, इराण असा तुर्कस्तानपर्यंत जात होता. कागदावरच्या यानांनी मुख्य दगड चुकवला, पण त्याचा एक तुकडा सुटला आणि ढाक्याजवळ पडला. २०१९ मध्ये डेन्व्हर वाचले आणि तुकड्याने न्यूयॉर्क घेतले. २०२१ च्या सरावात हाती सहाच महिने होते. तेवढ्यात काहीही पाठवता येत नाही, एवढेच निष्पन्न झाले. तिन्हींपैकी ढाक्याचा निकाल मला सर्वांत बोलका वाटतो. यान कोणाचे, गणित कोणाचे आणि तुकडा कोणाच्या पदरात, याचा हिशेब त्यात आपोआप मांडला गेला.

कायदा काय म्हणतो? १९७२ च्या दायित्व करारानुसार एखाद्या देशाच्या अंतराळयानामुळे जमिनीवर नुकसान झाले तर तो देश निरपवाद जबाबदार असतो. पण लघुग्रह कोणाचे यान नाही. तो आपसूक पडला तर कोणीच देणेकरी नाही. कोणी ढकलल्यामुळे तो दुसरीकडे पडला तर कोणाला धरायचे, याचे स्पष्ट उत्तर त्या करारात नाही. या अनिश्चिततेमुळे समर्थ देश हात आखडता घेऊ शकतो, किंवा कोणालाही न विचारता हात घालू शकतो. दोन्ही वाईट. संयुक्त राष्ट्रांच्या शिफारशीवरून दोन आंतरराष्ट्रीय गट स्थापन झाले आहेत, एक इशारा देण्यासाठी आणि एक मोहिमांचा विचार करण्यासाठी. वायआर४ च्या वेळी त्यांनी चोख काम केले. पण ते सल्ला देतात, निर्णय घेत नाहीत. कार्ल सेगन आणि स्टीव्हन ऑस्ट्रो यांनी तर १९९४ मध्येच बजावले होते, की दगड दूर सारण्याची विद्या दगड अंगावर आणण्याचीही विद्या आहे. मला त्यांनी दाखवलेल्या दुष्ट हेतूच्या शक्यतेपेक्षा चांगल्या हेतूने केलेल्या अर्धवट कामाची धास्ती अधिक वाटते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. मराठवाड्यात दर उन्हाळ्यात टँकर फिरतात, मुंबईत पावसाळ्यात दरडी कोसळून माणसे मरतात, आणि आपण हजारो वर्षांत कधीतरी पडणाऱ्या दगडाची चिंता करायची? यान बांधण्याचा विषय असता तर मीही याच बाजूने बोललो असतो. भारताने आज डार्टची नक्कल करण्याची गरज नाही. गरज आहे ती पाहण्याची, आणि पाहणे स्वस्त आहे. वायआर४ ची शक्यता शून्यावर आली ती वेध घेत राहिल्यामुळे. लघुग्रह सापडल्यावर पुढच्या रात्री त्याचा पाठपुरावा करायला मध्यम दुर्बिणीही पुरतात, आणि तिथे रेखांशाला किंमत असते, कारण हवाईत किंवा चिलीत दिवस असताना कोणाच्या तरी आकाशात रात्र लागते. लडाखमध्ये हानले इथे साडेचार हजार मीटर उंचीवर आयआयटी मुंबई आणि भारतीय ताराभौतिकी संस्था यांची ७० सेंटिमीटरची ग्रोथ-इंडिया ही स्वयंचलित दुर्बीण आहे. तिने असे वेध घेतलेही आहेत. अशा आणखी दोन-चार दुर्बिणी आणि त्यांच्यावर या कामासाठी राखून ठेवलेला वेळ, एवढ्याची मागणी आहे. ज्याच्या वेधांवर गणित उभे आहे, त्याला चर्चेच्या टेबलावरून उठवणे अवघड जाते.

दुसरी गोष्ट याहून स्वस्त आहे. १५ फेब्रुवारी २०१३ च्या सकाळी रशियात चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटरचा दगड ३० किलोमीटर उंचीवर फुटला. तो सूर्याच्या बाजूने आला होता, त्यामुळे कोणालाच आधी दिसला नाही. आकाशात लखकन उजेड पडला आणि लोक पाहायला खिडक्यांशी गेले. आवाज नव्हता. दोन मिनिटांहून अधिक वेळ शांततेत गेला, आणि मग धक्कालहर येऊन शहरभरच्या काचा फुटल्या. सुमारे १५०० जणांना उपचार घ्यावे लागले, बहुतेकांना काचेनेच कापले होते. एका शाळेत चौथीच्या शिक्षिकेने उजेड दिसताच ४४ मुलांना बाकांखाली बसवले. मुले सुखरूप राहिली, बाईंना मात्र काच लागली. सगळा धडा एका वाक्याचा आहे: डोळे दिपवणारा उजेड दिसला तर खिडकीपासून दूर व्हा. काचेच्या इमारतींनी भरलेल्या लोअर परळमध्ये किंवा हिंजवडीत हे वाक्य किती जणांना माहीत असेल? शाळेतल्या आपत्ती सरावात ते घालायला एक पैसाही लागत नाही.

जयंत नारळीकरांच्या 'धूमकेतू' या कथेत पृथ्वीवर येणारा धूमकेतू अण्वस्त्राने वळवला जातो, आणि इकडे शोधकर्त्याच्याच घरी त्याच्या शांतीसाठी यज्ञ होतो. संकट टळल्यावर श्रेय कोणाला, हा कथेचा खरा पेच. कथेतल्या भारतीय हौशी खगोलनिरीक्षकाने निदान धूमकेतू शोधला तरी होता. २०२५ च्या फेब्रुवारीत आपल्या वाहिन्यांवर भीती भरपूर होती, पण या शोधात भारताने काय करायला हवे, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

१३ एप्रिल २०२९ रोजी सुमारे ३४० मीटरचा अपोफिस पृथ्वीपासून ३२ हजार किलोमीटरवरून जाईल, म्हणजे भूस्थिर उपग्रहांपेक्षाही जवळून. तो आदळणार नाही, हे नक्की झाले आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२९ हे लघुग्रह-जागृतीचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. ज्यांच्या भूमीवरून रेषा जाते त्या देशांच्या संमतीशिवाय कोणीही लघुग्रह ढकलू नये, आणि ढकलण्यात चूक झाली तर भरपाईची जबाबदारी आधी ठरलेली असावी, हा ठराव त्या वर्षापर्यंत मांडला जायला हवा. तो मांडायची जागा म्हणजे संयुक्त राष्ट्रांची बाह्य अवकाशविषयक समिती. तिच्या बैठका दरवर्षी व्हिएन्नात होतात आणि भारत तिचा जुना सदस्य आहे. मुंबई, ढाका आणि लागोस यांच्या वतीने तिथे उभे राहायला भारताला कोणतेही यान सोडावे लागणार नाही.