सतार आणि गर्जना

धुळ्याचे माझे एक स्नेही, जे पेटीच्या साथीसाठी पंचक्रोशीत ओळखले जातात, मुंबईच्या 'डेमॉनिक रिझरेक्शन' या मेटल बँडचा 2017 चा 'दशावतार' हा अल्बम ऐकून म्हणाले, "सतार लावली म्हणून आरडाओरड आपली होत नाही." हा फैसला माझ्या मनात सलत राहिला.

साहिल मखिजा यांनी 2000 मध्ये उभारलेला हा बँड 'अ डार्कनेस डिसेंड्स' (2005) आणि 'द रिटर्न टु डार्कनेस' (2010) या काळात स्वकल्पित अंधाराच्या कथा गात होता. 'दशावतार'मध्ये त्याच घोगऱ्या गर्जनेशेजारी सतार, तबला व बासरी आली आणि मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा गाणी झाली. संगीतातील बदलाचा विचार करताना मी वेष आणि प्रकृती असा भेद मानीत आलो आहे, आणि त्या कसोटीवर स्नेह्यांचा पक्षच प्रथमदर्शनी मला ग्राह्य वाटला: गिटार आणि ढोल यांची प्रकृती तशीच, केवळ वेष पालटला.

परंतु ज्या पेटीवर त्यांचे बोट इतक्या सहजतेने फिरते, ती युरोपातून आली. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, निघत नाही या आक्षेपावर 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिला हद्दपार केले, आणि तोवर पेटीवादक गोविंदराव टेंब्यांच्या हातून, 'मानापमान' या संगीत नाटकाच्या पदांतून, ती मराठी कानाच्या अंगवळणी पडून कित्येक वर्षे लोटली होती. आमच्या खान्देशात तर याच्या उलट घडले आहे. साक्रीच्या पश्चिमेकडील कोकणा समाज डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात जी पावरी फुंकतो, ती वाळलेल्या भोपळ्याची. जळगावच्या वरातीत तिचे सूर बँडवाल्याच्या की-बोर्डमधून निघतात, भोपळ्याचा मागमूस नसतो, तरी पहिल्याच सुरावर पाय जे उचलतात ते पावरीचेच. दीर्घकाळ अंगावर राहिलेला वेष प्रकृतीत मुरतो, आणि वाद्य गेले तरी प्रकृती टिकते, असे असेल तर माझा तो लाडका भेद मला इतका ठाम ठेवता येत नाही.

स्नेह्यांशी माझा मतभेद येथे सुरू होतो. सतारीने मेटल आपले होत नाही हा त्यांचा आक्षेप मला अमान्य. उलट ज्या श्रोत्याला नरसिंहाची कथा आजीने सांगितलेली असते, त्याच्यापुढे स्वकल्पित अंधाराची मुभा सोडून ती कथा गर्जनेतून मांडणे हे बँडने पत्करलेले खरे साहस आहे. माझी तक्रार इतकीच, की सतारीला अधिक अवसर द्यावयास हवा होता, गिटारीने तिच्यासाठी वाट सोडावयास हवी होती, आणि पुढच्या अल्बमात ती सोडली जावी अशी माझी मनापासून मागणी आहे.