तांब्याची पोहोच

मी मूळचा लातूरचा, पोटापाण्याचं काम नांदेडात: सर्व्हरच्या खोल्यांत केबल टाकण्याचं. गिऱ्हाईक विचारतं, "तांबं घेऊ की फायबर?" मी आधी टेप काढतो. सर्व्हर आणि स्विच एकाच रॅकमध्ये असतील तर तांब्याची डॅक केबल. स्वस्त, वीज जवळजवळ खातच नाही, मध्ये कसलं रूपांतर नाही. पण १०० गिगाबिटला तिचा दम ३ ते ५ मीटरमध्ये संपतो; वेग वाढवला की आणखी आखूड. त्याच्या बरंच पुढे जायचं तर विजेला प्रकाशाचं रूप घ्यावं लागतं.

काम आटोपलं की सचखंड गुरुद्वाऱ्यात माथा टेकतो. नांदेडातच १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून गुरुपद ग्रंथाला दिलं. देहाच्या सान्निध्याची पोहोच त्यांनी ओळखली असेल का? आणि रूप बदलून पोचतं, ते तेच असतं का? फायबरपुरतं सांगतो: बिट तेच राहतात, मोजून दाखवीन. एवढंच माझ्या हातात.

रात्री लातूरहून आईचा व्हिडिओ कॉल येतो. चेहरा अगदी स्वच्छ दिसतो, आवाजही तुटत नाही. तरी ती म्हणते, "एकदा येऊन जा की रे."